वुजूचे पाणी आणि वांग्याची रोपे

गेल्या अंकात आम्ही मुलांच्या हस्ताक्षराविषयी लिहिले होते आणि या अंकात त्याचा पुढचा भाग देऊ असे कबूलही केले होते. तो भाग आता पुढच्या महिन्यात. मधल्या काळात आमच्या परसात जे घडले ते आधी सांगावेसे वाटते, कारण परतीचा पाऊस अजून रेंगाळतो आहे आणि घरोघरी टोमॅटो, कोबी, मेथी, कोथिंबिरीचे वाफे तयार होत आहेत. ज्यांना हा त्रास माहीतच नाही त्यांनी हे सदर सरळ ओलांडून पाककृतीच्या पानाकडे जावे.

जुलैचा दुसरा आठवडा होता. फजरची नमाज आटोपून अम्मी नेहमीप्रमाणे हातात तसबीह घेऊन मागच्या दाराने परसात गेल्या. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई, वय ७४. दोनच मिनिटांत त्यांचा आवाज आला, "इधर आव जरा. कौन तो बी रोपां काट डाला."

आम्ही धावत गेलो. आदल्या संध्याकाळी वाफ्यात वांग्याची ३० रोपे होती. दोन-तीन पानांवर आलेली, बोटभर उंचीची. त्यांतली १३ नाहीशी झाली होती. काहींचे नुसते खुंट उरले होते, काहींची पाने चाळणी झाली होती. अम्मी काही बोलल्या नाहीत. खाली बसून एकेक खुंट बोटाने चाचपून पाहत राहिल्या.

वाचकांना वाटेल, १३ रोपांचे एवढे काय? नर्सरीत जा, थोड्या पैशांत ट्रे भरून रोपे मिळतात. पण ही रोपे नर्सरीची नव्हती. अम्मींचे माहेर इंदापूर तालुक्यातले. तिथून त्यांनी लग्नानंतर हे बियाणे आणले होते. देठाला काटे, अंगावर पांढरट पट्टे, भरल्या वांग्याला असे वांगे बाजारात आम्हाला तरी मिळालेले नाही. दरवर्षी दोन वांगी झाडावरच पिवळी पडू द्यायची, बी काढून धुवायचे, चुलीच्या राखेत घोळून वाळवायचे आणि कापडाच्या पुरचुंडीत बांधून फडताळात ठेवायचे, हा त्यांचा शिरस्ता. अब्बांच्या आजारपणात दोन वर्षे वांगी लावणे झाले नाही. जुने बी तेवढे उरले होते. या जूनमध्ये त्यांनी ते सगळे टाकले. निम्म्याहून अधिक उगवलेच नाही. उगवलेली ३० रोपे म्हणजे त्या बियाण्यातले शेवटचे जे काही होते ते. पुरचुंडी रिकामी झाली होती.

शिवाय हा वाफाही साधा नव्हता. गेल्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. इद्दतचे चार महिने दहा दिवस अम्मी उंबऱ्याबाहेर गेल्या नाहीत. पण परस भिंतीच्या आतच. त्या दिवसांत त्यांनी एकटीने खुरप्याने दगड वेचून, शेणखत घालून दहा फूट लांबीचा हा वाफा केला. आम्ही सकाळी शाळेत, मुलांचे अब्बा कामावर, मुले वर्गात. दिवसभर त्यांना सोबत होती ती या मातीचीच.

आधी संशय कोंबड्यांवर गेला. पण कोंबड्या रात्री खुराड्यात असतात. मग उंदरावर. मग शेजारच्या शेळीवर, जिने पूर्वी एकदा आमचा कढीपत्ता साफ केला होता आणि त्यामुळे जिच्याविषयी आमच्या घरात कायमचे वाईट मत आहे. शेवटी धाकट्या मुलीला वाफ्याच्या कडेच्या फरशीवर एक चकचकीत पट्टा दिसला. वाळलेल्या डिंकासारखा, उन्हात चांदीसारखा चमकणारा. तो वाफ्यातून निघून मोरीच्या दगडाखाली गेला होता. दगड उचलला तर खाली चपट्या, काळपट, चामड्याच्या तुकड्यांसारख्या पाच गोगलगायी अंग आखडून बसलेल्या.

आमचा विश्वास बसेना. सुपे म्हणजे बारामती तालुक्याचा जिरायती भाग. पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, तोही येईल तेव्हा. गावाजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे, तिथे चिंकारा राहतो. तो पाण्यावाचून दिवस काढणारा प्राणी, म्हणून तो इथे आहे. जनाई-शिरसाई योजनेचे पाणी कधी सुटते याकडे सगळा परिसर डोळे लावून बसतो. टँकर आम्ही बघितले आहेत. अशा गावात गोगलगाय? ती कोकणातली, फार तर पुण्याच्या सोसायट्यांतली, असा आमचा समज.

त्या रात्री इशानंतर बॅटरी घेऊन आम्ही परसात उभे राहिलो. आणि समज गेला. वाफ्यात, वाफ्याच्या कडेला, मोरीच्या भिंतीवर मिळून १७ मोजल्या. दोन शंखवाल्या, बाकीच्या बिनशंखी. शेतीची माहितीपत्रके यांना शंखी गोगलगाय आणि शेंबी अशी दोन नावे देतात. शेंबी हे नाव अगदी चपखल आहे, आणखी सांगायला नको. एक शेंबी आमच्या डोळ्यांदेखत रोपाच्या देठावर चढली आणि पान कडेकडेने कातरू लागली. गोगलगायीला जीभ असते ती किसणीसारखी, हजारो बारीक दातांची. लहान रोपाचा कोवळा देठ तिच्यापुढे काय टिकणार? मोठ्या झाडाची चार पाने गेली तर झाड सोसते. दोन पानांच्या रोपाचा शेंडाच गेला की रोप संपले.

त्या इथे आल्या कशा, याचा आम्ही दोन दिवस विचार केला. नक्की सांगता येणार नाही. पण मे महिन्यात आम्ही पुण्याकडून फुलझाडांच्या सहा कुंड्या आणल्या होत्या. गोगलगायीची अंडी मातीत पुंजक्याने असतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. कुंडीच्या मातीतून, खताच्या गोणीतून, ट्रॉलीच्या चाकाला लागलेल्या चिखलातून ती गावोगाव जातात. स्वतः चालून गोगलगाय किती जाणार! तिला पोहोचवतो माणूसच.

मोठ्या शंखवालीची तर सगळी कहाणी माणसाच्या हौसेची आहे. ही आफ्रिकी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या शिंपल्यांच्या अभ्यासक इंग्रजाने १८४७ साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि ती तिथल्या चौरंगीच्या एका बागेत सोडली गेली. तिथून ती देशभर पसरली. या जातीत नर-मादी वेगळे नसतात, दोन्ही एकाच अंगात. एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते. उन्हाळ्यात शंखाचे तोंड पापुद्र्याने बंद करून जमिनीत, भिंतीच्या फटीत महिनोन् महिने पडून राहते आणि पहिल्या पावसाला उठते. म्हणजे दुष्काळी गाव आहे म्हणून ती मरेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. चिंकाऱ्यासारखी तीही वाट बघू शकते.

२०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत याच शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. शेतकऱ्यांनी दुबार पेरणी केली, काहींची तीही गेली. ती मराठवाड्यातली शेते आहेत, कोकण नव्हे. तेव्हा आम्ही ती बातमी वाचली होती आणि पान उलटले होते. दुसऱ्याच्या शेतातली गोगलगाय फार लहान दिसते.

आता आमच्या चुका. पहिली चूक मिठाची. गोगलगायीवर मीठ टाकले की ती विरघळते, हे लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक. आम्ही दुसऱ्या रात्री मूठभर खडे मीठ घेऊन वाफ्यातच टाकले. तीन शेंबी मेल्या हे खरे. पण त्यांची तडफड बघून धाकटी रडत घरात गेली. वर पहाटे पाऊस आला, मीठ मातीत उतरले आणि चार दिवसांत त्या कडेची दोन चांगली रोपे पाने वळून वाळली. आमच्या बोअरचे पाणी आधीच क्षारयुक्त. त्यात आम्ही स्वतःच्या हाताने मीठ घातले. अम्मींनी ओरडायला हवे होते. त्या एवढेच म्हणाल्या, "सालन में भी इतना नमक नै डालते, बेटा." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरे. मीठ वापरायचे तर बादलीतल्या पाण्यात, मातीत कधीही नाही.

दुसरी चूक अंड्याच्या टरफलांची. टरफले कुस्करून रोपाभोवती कडे केले की गोगलगाय टोचते म्हणून येत नाही, असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते. आम्ही पंधरा दिवस घरातली आणि शेजारची टरफले जमवली. रात्री बघतो तर शेंबी त्यावरून आरामात चालली आहे. तिच्या अंगाखाली तो चिकट थर असतो, ती स्वतःचा गालिचा अंथरत जाते. नंतर वाचनात आले की इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसच्या वाफ्यांवर अंड्याची टरफले, तांब्याची पट्टी, बारीक खडी, झाडाची साल आणि लोकरीच्या गोळ्या असे पाच अडसर करून पाहिले होते. एकानेही नुकसान कमी झाले नाही. राखेचे आणि चुन्याचे कडे कोरडे असेपर्यंत चालते. भुकटी तिच्या अंगातला ओलावा ओढून घेते. पण एक सर आली की संपले, आणि गोगलगायीचा त्रास असतो तो सरींच्याच दिवसांत. चुना जास्त पडला तर रोपालाही सोसत नाही.

तिसरी चूक होता होता राहिली. औषधांच्या दुकानात विचारले तर त्यांनी मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांची पिशवी दिली. हे गोगलगायींचेच औषध आहे. सोयाबीनच्या शेतासाठी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ते आहे, आणि ज्याचे दोन एकर एका रात्रीत उजाड होते आहेत त्याने ते वापरू नये असे सांगायला आम्ही कोण? तिथे लेबलवर लिहिलेले मोजमाप पाळावे, हातमोजे घालावेत, जनावरे आणि मुले लांब ठेवावीत. पण आमचे परस दहा पावलांचे. त्यात सात कोंबड्या, गल्लीतले एक कुत्रे जे भिंतीवरून उडी मारून येते आणि हाताला लागेल ते तोंडात घालणारा दीड वर्षाचा भाचा. या गोळ्यांत भुसा-कोंडा असतो, त्याच्या वासाने कुत्रे त्या खाते आणि मरू शकते. ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून हे औषध उघड्यावर वापरायला बंदी आहे, ती पाखरे आणि इतर प्राण्यांच्या काळजीनेच. म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा गोगलगायींनी हैराण झाला, त्याच वर्षी तिकडे बंदी आली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत असे आम्हाला वाटते. पिशवी दोन दिवस कपाटावर होती. दोन्ही रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी न फोडता परत दिली. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत, त्या बदल्यात मेथीचे बी दिले. तेही गोगलगायींना आवडते, हे नंतर कळले.

या काळात शाळेत एक गोष्ट घडली. आम्ही वर्गात परसबागेचा विषय निघाला म्हणून हा किस्सा सांगितला. सहावीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "टीचर, तुम्हीच सांगितलं होतं ना, आपण लावलेल्या झाडाचं माणसानं, पाखरानं, जनावरानं कुणीही खाल्लं तर आपल्याला सदक्याचा सवाब मिळतो. मग गोगलगायीनं खाल्लं तर?"

वर्ग हसला. आम्हाला मात्र उत्तर सुचले नाही. ती हदीस आम्हीच शिकवली होती. "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली, जे शिक्षक वर्षातून किमान चाळीस वेळा करतात. घरी येऊन अम्मींना विचारले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, खाऊ दे की, झाड मोठे झाल्यावर खाऊ दे. पाखरेही खातात, किडेही खातात, आपण कधी काही म्हटले? पण रोपच राहिले नाही तर उद्या ती काय खाणार, पाखरे काय खाणार आणि आपण काय खाणार? रोप वाचवणे म्हणजे सगळ्यांचाच वाटा वाचवणे. आणि मारायची वेळ आली तर छळून मारायचे नाही, एवढे सांभाळा.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही हेच सांगितले. मुलीचे पूर्ण समाधान झाले नाही. तिने विचारले, "मग जी भिंतीवर आहे तिला मारायचं का?" या प्रश्नाने आमच्या घराचा एक नियम ठरला. वाफ्यात सापडेल ती आमची, कचऱ्याच्या खड्ड्यात आणि भिंतीवर असेल तिला हात लावायचा नाही. गोगलगायी कुजलेली पानेही खातात आणि त्यांचे खत करतात, तेही काम कोणीतरी करायला हवेच. हा नियम बिनशंखी शेंबीपुरता. आफ्रिकी शंखवाली मात्र कुठेही दिसली तरी उचलायचीच, तिला मोकळे सोडले तर पुढच्या पावसाळ्यात शंभर होतात.

आता उपयोगी पडले ते सांगतो. शेजारच्या काकूंचे माहेर लातूरकडचे. त्यांच्या भावाच्या शेतात त्या २०२२ च्या पावसाळ्यात हेच संकट होते. त्यांनी सांगितले, गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी वाफ्याशेजारी अंथरा. रात्री खाऊन झाले की गोगलगायी ऊन टाळायला त्याखाली जमतात. सकाळी गोणपाट उचलायचे आणि वेचायच्या. पहिल्याच सकाळी गोणपाटाखाली नऊ निघाल्या. वेचताना उघडा हात लावायचा नाही. चिमटा घ्यावा किंवा हातात प्लास्टिकची पिशवी घालावी. दाट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकले की लवकर आटपते. नंतर त्या लांब, खोल खड्ड्यात पुरायच्या.

हात न लावण्याचे कारण किळस नव्हे. या गोगलगायींच्या अंगात उंदरांकडून आलेला एक जंत असू शकतो. तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा आजार होऊ शकतो. असे क्वचित होते, पण आमच्या धाकटीने पहिल्या दिवशी शंखवालीला तळहातावर घेऊन वर्गातल्या मैत्रिणींना दाखवायला नेले होते. तिचे हात आम्ही साबणाने तीनदा धुतले. गोगलगायी असलेल्या वाफ्यातली कोथिंबीर, पालक, पुदिना वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुवावा आणि अशा दिवसांत कच्ची पाने खाणे टाळावे. चटणीवाल्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

पुण्यातल्या आमच्या भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. बशीत बिअर ओतून मातीत पुरा, गोगलगायी त्यात पडून मरतात. अम्मींना आम्ही तो दाखवलाच नाही. दारू घरात आणण्याचा प्रश्नच नव्हता. पण कुतूहल गप्प बसेना. गोगलगायीला दारूची चटक कशी? तर तिला ओढतो तो खमिराचा, आंबण्याचा वास. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे दाखवून दिले की मैदा, पाणी आणि यीस्ट यांचे साधे आंबवलेले पीठ गोगलगायींना चांगलेच खेचते, निरनिराळ्या जातींच्या गोगलगायींना. आणि ते पीठ तर आमच्या घरात दर जुम्म्याला नानसाठी भिजते! त्यातलेच वाटीभर सैल करून उथळ डब्याच्या झाकणात घातले आणि गोणपाटाखाली ठेवले. त्या सकाळी २२ सापडल्या. नुसत्या गुळाला नऊ होत्या, नानच्या पिठाला बावीस. अम्मी म्हणाल्या, चवीच्या पक्क्या आहेत.

तरीही दुसऱ्या दिवशी एक-दोन रोपे कुरतडलेली दिसतच होती. वेचून वेचून किती वेचणार? खरी गोष्ट लक्षात यायला ऑगस्ट उजाडला.

आमच्या घरी वुजूची जागा मागच्या दाराशी आहे. पाणी वाया जाऊ नये म्हणून अब्बांनी पूर्वी तिथून एक पन्हळ काढून ठेवली होती. अम्मींनी वाफा केला तो मुद्दाम त्या पन्हळीच्या तोंडाशी. पाण्याच्या टंचाईतल्या घराला यापेक्षा शहाणपणाची गोष्ट कोणती? पण हिशेब बघा. फजरला सगळे घाईत, तिघेचौघे वुजू करून निघतात. जोहर आणि अस्रला घरी एकट्या अम्मी. मगरिब आणि इशाला मात्र घर भरलेले, शिकवणीला आलेली मुले असतात, पाहुणे असतात. म्हणजे वाफ्याला सगळ्यात जास्त पाणी मिळते ते सूर्य मावळल्यावर. माती रात्रभर ओली गच्च. गोगलगायीच्या अंगावर पाणी राखायला जाड कातडे नाही. कोरड्या मातीवरून चालली तर तिचा चिकट थर संपतो, ती वाळते. म्हणून ती ओल बघून रात्री निघते. आणि आम्ही रोज बरोबर तिच्या निघायच्या वेळी तिच्या वाटेवर पाणी शिंपडून ठेवत होतो.

हे अम्मींना सांगताना आम्हाला संकोच वाटला. ती पन्हळ अब्बांच्या हातची. त्यांनी ऐकून घेतले. मग उठून स्वतः पन्हळीच्या तोंडाशी बादली लावली. आता मगरिब आणि इशाचे पाणी त्या बादलीत जमते, वर फडके बांधलेले असते कारण डासांना तेवढेच निमित्त पुरते. फजरनंतर अम्मी ते तांब्याने रोपांच्या बुडाशी घालतात. उन्हे चढेपर्यंत माती पाणी पिते, संध्याकाळपर्यंत वरचा थर कोरडा होतो. बादली मोजायची म्हणून मोजली गेली आणि कळले की आम्ही एकेका वुजूला चार-पाच लिटर सांडत होतो, जिथे हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचे वुजू एका मुद्दमध्ये, म्हणजे पाऊण लिटरच्याही आत होत असे. त्याविषयी घरात जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही.

पाऊस असेल त्या रात्री अर्थातच हा उपाय चालत नाही. त्यासाठी गोणपाट आणि पीठ आहेच. आणखी एक जुनी युक्ती कामी आली. पूर्वी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, मुंग्या चढू नयेत म्हणून. तसेच एका मोडक्या स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत ठेवून वरच्या फळीवर उरलेल्यांपैकी सगळ्यात नाजूक रोपे डब्यांतून वाढवली. स्टूल भिंतीला टेकू द्यायचे नाही, नाहीतर सगळे व्यर्थ. सहा-सात पानांची, देठ जून झालेली रोपे मग खाली लावली. देठ जून झाले की शेंबीचे मन त्यावर बसत नाही. मोरीचा दगड, पडलेल्या विटा, फुटकी कुंडी असा दिवसा लपण्याचा सगळा पसारा हलवला. तिथे विटांच्या मागे अंड्यांचे तीन पुंजके सापडले. ते वेळीच सापडले नसते तर या लेखाचा शेवट वेगळा झाला असता.

एक भारद्वाज अलीकडे रोज सकाळी भिंतीवर येतो. हा पक्षी गोगलगायी खातो, मोठ्या शंखवाल्यासुद्धा. कोंबड्या त्याला बघून गलका करतात. गोळ्या टाकल्या असत्या तर विषाने मेलेल्या गोगलगायी यानेही उचलल्या असत्या, असे आम्ही मुलांच्या अब्बांना म्हटले. ते म्हणाले, "पण तुम्ही टाकल्या नाहीत ना, मग आता चहा द्या."

३० रोपांतली ११ झाडे झाली. त्यांतली चार अजून खुरटी आहेत. पहिली भाजी गेल्या आठवड्यात झाली. काकूंकडे वाटी पाठवली, त्या सहावीतल्या मुलीलाही डबा दिला. गोगलगायी अजून आहेत. काल रात्री दोन दिसल्या, एक भिंतीवर, एक वाफ्यात. सगळ्यात मोठ्या झाडावरच्या एका वांग्याला अम्मींनी लाल चिंधी बांधली आहे. ते बियाण्यासाठी ठेवले आहे, कोणीही तोडायचे नाही.